मदत हवी आहे: फ्लॅटवर केलेला खर्च विकताना वसूल होतो का?

मेधा_पुणे
आमच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉललगतची लहान खोली काढून हॉल मोठा करावा, इटालियन मार्बल, फॉल्स सीलिंग आणि नवे मॉड्युलर किचन करून घ्यावे, असा विचार आहे. कंत्राटदाराने १२ लाखांचा अंदाज दिला असून पुढे फ्लॅट विकताना ही रक्कम नक्की वसूल होईल, असे तो सांगतो. सोमवारी आगाऊ रक्कम द्यायची आहे. द्यावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सिव्हिल_मिलिंद
इमारत किती वर्षांची आहे, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आणि विकायचा साधारण केव्हा आहे, हे आपण लिहिलेले नाही. पाडायची भिंत नुसती चार इंची विटांची आहे की तिच्यात कॉलम आहे, हेही स्ट्रक्चरल इंजिनियरने पाहिल्याशिवाय भिंतीला हात लावू नये.

अनंत६२
ताई, खोली मुळीच काढू नका. तीन बेडरूम शोधणारे कुटुंब आपला फ्लॅट पाहायलाच येणार नाही. मी माझा फ्लॅट विकला तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) आला होता. त्याने कार्पेट एरिया (भिंतींच्या आतील वापराचे क्षेत्रफळ) मोजला, इमारतीचे वय, लिफ्ट आणि पार्किंग विचारले, पण चार लाखांच्या मार्बलबद्दल एक शब्दही काढला नाही. ज्यांनी फ्लॅट घेतला, त्यांनी तर ओट्याची दिशा बदलायची म्हणून आमचे दोन वर्षांचे किचन पहिल्याच महिन्यात काढून टाकले.

ठाणेकर_स्मिता
अनंतकाका, आपला अनुभव सर्वांना लागू होत नाही. आमचा सजवलेला फ्लॅट तीन आठवड्यांत गेला आणि त्याच मजल्यावरचा रिकामा फ्लॅट सहा महिने पडून होता.

अनंत६२
लवकर जाणे आणि जास्त किमतीला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सजावटीचा खर्च वजा जाता आपल्याला शेजाऱ्यांपेक्षा जास्त मिळाले का, ते सांगा.

करसल्लागार_नि
बिले मात्र जपून ठेवावीत. भांडवली नफा, म्हणजे फ्लॅट विकून झालेला करपात्र नफा, काढताना घरात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च वजा करता येतो. रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती आणि हलवता येणारे फर्निचर त्यात धरले जात नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतातील निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता) १२.५ टक्के आणि इंडेक्सेशनसह २० टक्के यांपैकी ज्यात कर कमी पडेल तो पर्याय मिळतो.

मेधा_पुणे
कराविषयी मी विचारले नव्हते, तरी आभार. इमारत १९९१ ची आहे, आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर आहोत आणि पावसाळ्यात बेडरूमचे छत गळते. पुनर्विकासाबाबत सोसायटीच्या दोन सभा झाल्या आहेत; त्याचा माझ्या प्रश्नाशी संबंध वाटला नाही, म्हणून ते लिहिले नव्हते. फ्लॅट चार-पाच वर्षांत विकू.

सिव्हिल_मिलिंद
संबंध आहे, आणि तोच सर्वांत मोठा आहे. पुनर्विकासात नव्या घराचे क्षेत्रफळ सध्याच्या कार्पेट एरियावर ठरते. आतील मार्बल आणि सीलिंग यांचा मोबदला धरला जात नाही आणि ते सारे इमारतीबरोबर पाडले जाते. अशा इमारतीत फ्लॅट घेणारा प्रामुख्याने पुढे मिळणाऱ्या क्षेत्रफळाची किंमत देतो. त्यामुळे सोमवारी पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इमारतीने ३० वर्षे ओलांडली असल्याने आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवे. शेवटचा अहवाल आधी मागून घ्या.

ठाणेकर_स्मिता
हे आधी कळले असते तर मीही सजावटीची बाजू घेतली नसती. पण चार-पाच वर्षे तिथे राहायचे आहे, तर किचन तरी नीट करून घ्या. घर केवळ विकण्यासाठी नसते.

मेधा_पुणे
आगाऊ रक्कम थांबवते. ओटा आहे तोच ठेवून फक्त गंजलेले जीआय पाइप आणि जुने वायरिंग बदलून घेईन. छताचे वॉटरप्रूफिंगही आम्हीच करायचे का?

सिव्हिल_मिलिंद
नाही. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपत असेल तर ती दुरुस्ती, आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या छताचे निघालेले प्लास्टर, हे उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने व्हायचे असते. सचिवांना लेखी अर्ज द्या, त्याला छायाचित्रे जोडा आणि पोच घ्या.