लॅपटॉपमध्ये ब्लू-रे बर्नर बसवावा का?

चर्चाप्रस्ताव
लग्नसमारंभांचे चित्रीकरण हा माझा व्यवसाय आहे. लॅपटॉपमधला डीव्हीडी रायटर काढून त्या जागी ब्लू-रे बर्नर, म्हणजे ब्लू-रे या जास्त क्षमतेच्या डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह, बसवावा, असे माझे मत झाले आहे. एका थराच्या डीव्हीडीवर जेमतेम 4.7 जीबी मावतात. ब्लू-रेच्या एका थरावर 25, दोन थरांवर 50 आणि बीडीएक्सएल या ब्लू-रेच्याच मोठ्या प्रकारात तीन थरांवर 100 जीबी मावतात. शिवाय एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचे चित्रीकरण चुकून पुसले जात नाही आणि व्हायरसलाही ते बदलता येत नाही.

प्रतिसाद १
डिस्कच्या उपयोगाबद्दल माझा वाद नाही, विरोध आहे तो बर्नर लॅपटॉपच्या आत बसवण्याला. लॅपटॉपसाठीचे पातळ बर्नर बहुधा 6एक्स वेगाचे असतात, म्हणजे सेकंदाला फार तर 27 एमबी. हा वेग अखंड मिळाला असे धरले, तरी 25 जीबी लिहायला पंधरा मिनिटे लागतात. प्रत्यक्षात आणखी वेळ जातो, त्यात लिहिलेले तपासून घेण्याचा वेळ वेगळाच, आणि तोवर संपादनाचे यंत्र अडकून पडते. त्याच जागेत कॅडी (ड्राइव्ह बसवण्याची चौकट) घालून सॅटा जोडणीची एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारा वेगवान ड्राइव्ह, बसवली, तर तिचा लाभ रोजच्या संपादनात मिळेल. बर्नर यूएसबीचा घ्यावा; लॅपटॉप बदलला तरी तो कामाला येतो.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर
एसएसडी रोजच्या कामाला उत्तम आहे, पण वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवलेल्या एसएसडीतला विद्युतभार हळूहळू ओसरतो आणि त्याबरोबर माहितीही जाण्याचा धोका असतो. लिहिण्याचा थर असेंद्रिय असलेल्या चांगल्या ब्लू-रे डिस्कला ती भीती नाही. सेंद्रिय रंगद्रव्याच्या स्वस्त एलटीएच डिस्क मात्र मी घेणार नाही, कारण त्या प्रकाशाने लवकर खराब होतात. बाहेरगावी काम असताना वेगळे उपकरण आणि केबल सांभाळणेही मला नको आहे.

प्रतिसाद २
टिकाऊपणाचा आपला मुद्दा मला पूर्णपणे पटतो, म्हणूनच ड्राइव्हची काळजी अधिक वाटते. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले, आणि बहुतेक नव्या लॅपटॉपांत तर डिस्क ड्राइव्हला जागाच उरलेली नाही. पन्नास वर्षे टिकणारी डिस्क वाचायला पन्नास वर्षांनी ड्राइव्हही लागेल. तो एका जुन्या लॅपटॉपच्या पोटात अडकवण्यापेक्षा बाहेरचा बर्नर घ्यावा, आणि प्रत्येक कार्यक्रमाची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी, असा माझा आग्रह आहे.