मदत हवी आहे: ८०२.११बी कार्डाला नव्या राउटरचं नेटवर्क दिसत नाही

जुनंखोड: जुन्या लॅपटॉपमध्ये ८०२.११बीचं, म्हणजे वाय-फायच्या जुन्या 'बी' मानकाचं, पीसी कार्ड आहे. ड्रायव्हर व्यवस्थित, दिवाही लागतो, पण राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नाव यादीत येतच नाही. राउटरवर मोड 'जी/एन' ('बी'नंतरची मानकं), चॅनल ऑटो, सुरक्षा डब्ल्यूपीए२. 'जी' तर 'बी'ला सांभाळून घेतं ना?

लहरी: २००३ च्या 'जी' मानकात तशी सोय आहे, पण तुमच्या मोडने ती बंद केलीय. १९९९ च्या 'बी'ला डीएसएसएस आणि सीसीके या जुन्या प्रक्षेपण पद्धती तेवढ्या कळतात: सेकंदाला १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट. 'जी/एन'मध्ये बीकन (राउटर आपलं नाव कळवतो तो संदेश) ओएफडीएम या नव्या पद्धतीने जातो, बहुधा ६ मेगाबिटवर. कार्डाच्या लेखी ती नुसती खरखर, मग नाव दिसणार कुठून?

मोड 'बी/जी/एन' करा. बेसिक रेट (जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला यावेच लागणारे वेग) वेगळे निवडता येत असतील तर १ आणि २ चालू ठेवा. चॅनल ऑटोवर नको, १, ६ किंवा ११ पक्का करा. ऑटोने १२ किंवा १३ पकडला तर काही जुनी कार्डं तिथे शोधतच नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

जुनंखोड: नाव आलं! आता पासवर्ड दिला की लगेच तुटतं. वेप, ती डब्ल्यूपीएच्या आधीची सुरक्षा, लावू का?

चौथा_थर: वेप अजिबात नको. त्याचा आयव्ही (प्रत्येक पॅकेटसाठी किल्लीला जोडला जाणारा आकडा) जेमतेम २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख आकडे. वर्दळीच्या नेटवर्कवर ते काही तासांत संपून पुन्हा तेच येतात. शिवाय २००१ मध्येच आरसी४ च्या, म्हणजे वेप वापरतं त्या सांकेतीकरणाच्या, किल्ली बनवण्यातली खोट उघड झाली, तेव्हापासून नुसती पॅकेट गोळा करून किल्ली काढता येते.

तुटण्याचं कारण बहुधा एईएस, म्हणजे आरसी४ नंतरचं सांकेतीकरण. डब्ल्यूपीए२ ला ते लागतं आणि त्या काळच्या बऱ्याच कार्डांत फक्त आरसी४ ची चिप असते. त्यांच्यासाठीच २००३ मध्ये टीकेआयपी हे आरसी४ वरच चालणारं संरक्षण आलं: चिप तीच, फर्मवेअर आणि ड्रायव्हर नवे. म्हणून आधी डब्ल्यूपीए२ चालवणारा ड्रायव्हर मिळतो का बघा.

मुख्य राउटरवर मात्र टीकेआयपी लावू नका. तेही आता कमकुवत ठरलंय, आणि त्यावर 'एन'चे वेग वापरायला मानकातच मनाई आहे, त्यामुळे बाकीची उपकरणंही 'जी'च्या ५४ मेगाबिटवर येऊ शकतात.

लहरी: ड्रायव्हर मिळाला तरी हवेतला वेळ जातोच. १५०० बाइटची फ्रेम (डेटाचा एक तुकडा) ५४ मेगाबिटला पाव मिलिसेकंदाच्या आत जाते, १ मेगाबिटला १२ मिलिसेकंद घेते. तेवढा वेळ बाकीचे ताटकळत. त्यात 'बी' जोडलं की 'जी'वाल्यांना पाठवण्याआधी सीटीएसची ('थांबा, मी पाठवतोय' अशी) हाळी द्यावी लागते, कारण 'बी'ला ओएफडीएमची चाहूल लागत नाही.

लॅपटॉपला लॅन पोर्ट असेल तर सरळ केबल टाका. काम झालं की मोड परत 'जी/एन'.