सोल्डर न धरण्याचं कारण तारेवरचं वार्निश

तुमच्या हेडफोनची पिन वाकवून धरली की बंद पडलेला डावा कान चालू होतो म्हणताय, म्हणजे स्पीकर शाबूत आहे. वायर पिनपाशी तुटलीय. तिथून दोन-तीन सेंटिमीटर कापून नवी ३.५ मिमीची पिन लावा.

पण तारेला सोल्डर (जोडणीसाठी वितळवायचा धातू) धरतच नाही म्हणताय, ते साहजिक आहे. आतल्या केसासारख्या तारांचा लाल-हिरवा रंग म्हणजे वार्निश आहे, त्याखाली तांबं. ब्लेडने खरवडलंत तर निम्म्या तारा तुटतील. सोल्डरिंग गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब वितळवा आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरा. थोडा धूर निघतो आणि टोक चांदीसारखं चकाकतं, की झालं.

पिनचं टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्याचं, मागचा भाग कॉमन, म्हणजे दोन्ही कानांचा सामाईक. बहुधा लाल तार उजवी, तांब्याच्या रंगाची कॉमन. पण रंगावर विसंबू नका. मल्टिमीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) ठेवून त्याचं एक टोक कॉमनला आणि दुसरं एकेक तारेला लावा, त्या कानात बारीक 'टक' ऐकू येतं.

आणि पिनचं झाकण आधी वायरमध्ये ओवा! मी दोनदा विसरलोय, दोन्ही वेळा सगळं उकलून परत पहिल्यापासून.

माइकवाली चार भागांची पिन असेल तर तसं सांगा, तिची जोडणी वेगळी.