मद्यपी चालकाला अभ्यासक्रमाच्या बदल्यात सवलत मिळावी का?

मूळ लेखन
ब्रिटनमध्ये मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यावर न्यायालयाने १२ महिने वा त्याहून अधिक बंदी घातली, तर त्याला पुनर्वसन अभ्यासक्रमाचा पर्याय देता येतो. तो स्वखर्चाने आणि मुदतीत पूर्ण केल्यास बंदी साधारण एक चतुर्थांशापर्यंत कमी होते. मला ही सवलत योग्य वाटते. यकृत मद्याचा निचरा आपल्याच गतीने करते, कॉफीने वा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही आणि म्हणून रात्री भरपूर पिऊन झोपलेला माणूस सकाळी गाडी काढतानाही मर्यादेबाहेर असू शकतो, ही गोष्ट दंडाच्या पावतीतून कोणाला कळत नाही.

प्रतिसाद १
असहमत. पिऊन गाडी चालवणे धोक्याचे आहे, हे न कळणारा चालक विरळाच. शिवाय अभ्यासक्रम स्वेच्छेने निवडणारे बहुधा आधीच वरमलेले असतात, त्यामुळे त्यांच्या सुधारण्याचे श्रेय वर्गाला देणे घाईचे ठरेल. जर्मनीची रीत मला अधिक पटते. तेथे रक्तातील मद्याचे प्रमाण १.६ प्रति हजार किंवा त्याहून अधिक आढळले, तर परवाना परत मिळवण्यासाठी वैद्यकीय-मानसशास्त्रीय परीक्षणाला सामोरे जावे लागते. आपण बदललो आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी चालकाची.

मूळ लेखक
स्वेच्छेचा आक्षेप रास्त आहे. तरीही वेल्स-पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा उपक्रमांमुळे पुनरावृत्ती सरासरी ७ ते ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. केवळ व्याख्यानांपेक्षा शिक्षण, समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा यांची सांगड अधिक उपयोगी ठरली. आणि जर्मनीतील त्या परीक्षणाची तयारी म्हणजे तरी अनेकांच्या बाबतीत समुपदेशनच असते.

प्रतिसाद २
सात-नऊ टक्के ही घट अपघातात माणूस गमावलेल्या कुटुंबाला पुरेशी वाटेल का? पीडितांची कहाणी ऐकवणारी सत्रे मनाला भिडतात खरी, पण त्यांचा परिणाम अभ्यासांत सातत्याने दिसलेला नाही. त्यापेक्षा चालकाचा श्वास तपासूनच इंजिन सुरू होऊ देणारे उपकरण गाडीत बसवावे. ते कोणाच्या पश्चात्तापावर विसंबत नाही.

मूळ लेखक
उपकरणाला माझा विरोध नाही. मात्र ते गाडीत असेपर्यंत गुन्हे कमी होतात आणि काढल्यावर तो लाभ बहुतांशी ओसरतो, असेच संशोधन सांगते. व्यसन जडलेल्या माणसावर उपचार करायला तोच काळ हाताशी असतो, आणि तो वाया घालवणे मला परवडणारे वाटत नाही.

प्रतिसाद १
मग उपचार सक्तीचे करा, बंदी मात्र पूर्ण ठेवा. सवलतीच्या आशेने वर्गात बसलेला माणूस हजेरीपुरताच बसेल, ही माझी शंका अजून कायम आहे.

मूळ लेखक
सक्ती मला मान्य आहे. सवलत पूर्ण काढल्यास बंदी मोडून विनापरवाना गाडी चालवणाऱ्यांना वर्गापर्यंत आणणार कसे, एवढे मात्र आपण सांगावे.