विषय: गॉस्पोर्टचे पाणबुडी संग्रहालय – कोण कोण येणार?

सहल समिती:
नमस्कार मंडळी, यंदाची उन्हाळी सहल इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला, रॉयल नेव्हीच्या (ब्रिटिश नौदलाच्या) पाणबुडी संग्रहालयात काढावी असा विचार आहे. मुख्य आकर्षण म्हणजे १९४७ साली नौदलात दाखल झालेली 'एचएमएस अलायन्स' ही पाणबुडी. आता ती पाण्याबाहेर उभी आहे, आतून फिरून बघता येते. काही शंका असतील तर इथेच विचारा.

एक सभासद (आजी):
माझे गुडघे जुने झालेत हो, आत शिरणे जमेल का? आणि नातवंडे कंटाळणार नाहीत ना? नुसत्या तोफा बघून झाल्या आहेत त्यांच्या.

एक सभासद (जाऊन आलेला):
मावशी, खरे सांगतो, अलायन्समध्ये वाकून गोल दारांतून जावे लागते. एवढ्याशा जागेत साठाहून जास्त माणसे महिनोन्महिने राहायची. मुले मात्र रमतात, विशेषतः शौचालयाशी. तिथली घाण दाबाच्या हवेने समुद्रात ढकलायची आणि झडपांचा क्रम चुकला तर सगळे उलट अंगावर! पूर्वी पाणबुडीवर नोकरी केलेला माणूस भेटला तर त्याला सोडू नका. अलायन्सच्याच प्रकारातली 'अफ्रे' ही पाणबुडी १९५१ साली ७५ जणांसह बुडाली, तेही विचारा.

पण माझे मत विचाराल तर खरी गंमत 'हॉलंड १' मध्ये आहे. ब्रिटिश नौदलाची ही पहिली पाणबुडी, १९०१ ची. आठ जण, एक टॉर्पेडो नळी आणि बंद डब्यात चक्क पेट्रोलचे इंजिन! १९१३ साली भंगारात विकली, पण ओढून नेताना एडिस्टोन दीपगृहाजवळ बुडाली, म्हणूनच वाचली. १९८२ साली वर काढली. पुढे हवेत लोखंडातल्या मिठाने गंज चढू लागला, तेव्हा अख्खी पाणबुडी टाकीत ठेवून सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात सुमारे चार वर्षे बुडवून ठेवली. समुद्राने जपले ते हवेने खाल्ले असते. लोक अलायन्स बघून दमतात आणि हिच्यासमोरून भराभर निघून जातात.

चार माणसांची छोटी 'एक्स २४' पण बघा, १९४४ साली हिनेच नॉर्वेच्या बर्गन बंदरात जर्मनांची तरंगती गोदी (जहाजे दुरुस्त करायची जागा) बुडवली. समितीला विनंती, सकाळीच निघू या.

आजी:
माझे आणि नातवंडांचे नाव लिहा. ती अलायन्समध्ये जातील, मी हॉलंडपाशी थांबेन. शौचालयाचे मात्र त्यांना आधी सांगू नका, नाहीतर घरापासूनच सुरू होतील.