टी सेल चिपमधल्या फटीतून चेपून काढल्या तर मरत का नाहीत? (सेल स्क्वीझिंग, जाणकारांनी प्रकाश टाकावा)

नीलपेशी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबला माझा नंबर आहे आणि मॅडमनी २०१८ चा पीएनएएस या जर्नलमधला पेपर दिलाय, त्यात इम्यून सेल्सना (टी सेल वगैरे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी) मायक्रोफ्लुइडिक चिपमधून (खूप बारीक वाटा कोरलेली पट्टी) दाबून पाठवतात आणि त्या दाबण्यामुळे बाहेरचं मटेरियल आत जातं, आणि इलेक्ट्रोपोरेशनशी (विजेच्या झटक्यानं पेशीला भोकं पाडण्याशी) तुलना केलीये. पेपर दोनदा वाचला, ग्राफ कळतात, पण मुळातच काही गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत.

पहिलं म्हणजे फुगा दाबला की फुटतो, मग सात मायक्रॉनची पेशी चार मायक्रॉनच्या फटीतून गेली तर ती फुटून मरत कशी नाही? दुसरं, आमच्या लॅबमध्ये सगळे इलेक्ट्रोपोरेशनच करतात आणि कामं होतात की, मग हे नवीन कशाला? आणि तिसरं, समोरून हा प्रश्न नक्की येणार म्हणून विचारतेय, या पद्धतीनं व्हायरसशिवाय कार-टी (कॅन्सर ओळखणारा जीन घातलेल्या टी सेल्स) बनवता येईल का? प्लीज जरा सविस्तर सांगा, गाईड सुट्टीवर आहेत आणि सीनियर्सपैकी कोणी यावर काम केलेलं नाही.

चार्ल्सकाठचा

विषय माझ्या अगदी आवडीचा आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगतो. मी बोस्टनकडे पोस्टडॉक आहे, इम्युनॉलॉजीत, आणि मेकॅनिकल डिलिव्हरीवाली माणसं इथे आजूबाजूला बरीच आहेत.

फुग्यापासून सुरू करू. फुग्याचं रबर एकदा फाटलं की फाटलं, पण पेशीचं मेंब्रेन हे रबर नाही, ते लिपिडचं पातळ द्रवासारखं पटल आहे आणि त्याला भोक पडलं तर पेशी ते स्वतः बुजवते. भोकातून बाहेरचं कॅल्शियम आत घुसलं की पेशीला तोच इशारा मिळतो, आतल्या व्हेसिकल्स (पटलाच्या छोट्या पिशव्या) येऊन तिथे मिसळतात, दुरुस्तीची प्रथिनं जमा होतात आणि काही मिनिटांत पटल पुन्हा सलग होतं. आणि टी सेलला चेपून जाणं काही नवीन नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीतून टिश्यूमध्ये शिरताना ती अशीच अंग चोरून जाते. फरक वेगाचा आहे. शरीरात ती सावकाश आपला आकार बदलते, चिपमध्ये सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात तिला फटीतून जावं लागतं, पटलाला जुळवून घ्यायला सवडच मिळत नाही आणि म्हणून त्याला बारीक बारीक भोकं पडतात.

आता आत काय जातं? जे बाहेर बफरमध्ये (पेशी ठेवलेल्या द्रावणात) तरंगतंय ते. हे लोकांच्या लक्षात येत नाही. चिप काही इंजेक्शन देत नाही, ती फक्त दार उघडते, आत जाण्याचं काम डिफ्यूजन (दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं) करतं. म्हणून बफरमध्ये कार्गो (आत घालायचं मटेरियल) किती दाट आहे यावर बरंच अवलंबून असतं, आणि आरमॉन शराई, रॉबर्ट लँगर, क्लाव्स जेन्सन वगैरेंचा एमआयटीतला २०१३ चा मूळ पेपर (तोही पीएनएएसमध्येच) पाहिलास तर त्यात दिसेल की जे आत जायचं त्यातलं बहुतेक पहिल्या मिनिटाभरातच जातं. त्या पेपरमध्ये फट पेशीच्या व्यासापेक्षा ३० ते ८० टक्के अरुंद ठेवली होती, फटीची लांबी १० ते ४० मायक्रॉन, आणि एका चिपवर अशा कितीतरी वाटा समांतर, त्यामुळे सेकंदाला वीसेक हजार पेशी निघत होत्या. तुझ्या हातात तीन गोष्टी असतात, फटीची रुंदी, लांबी आणि पेशींचा वेग. वेग वाढवला की डिलिव्हरी वाढते आणि मरणाऱ्या पेशीही वाढतात, मधला बिंदू दर सेलटाइपला नव्यानं शोधावा लागतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांना पेशी चेपायच्याच नव्हत्या. मटेरियलचा बारीक फवारा पेशीवर मारून आत घुसवायचा प्रयत्न चालू होता, त्यात लक्षात आलं की पेशीचा आकार बदलला की मटेरियल तसंही आत जातंय, मग फवारा सोडला आणि फट धरली. हे प्रेझेंटेशनमध्ये सांग, लोक ऐकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तुझ्या पेपरमध्येच आहे. इलेक्ट्रोपोरेशननंतर पेशी जिवंत दिसतात, स्टेनिंगमध्ये ठीक येतात, पण त्यांची जीन एक्स्प्रेशन (कोणते जीन चालू, कोणते बंद) भलतीकडेच गेलेली असते, कोणी न सांगता सायटोकाइन्स (पेशींमधले रासायनिक निरोप) सोडत बसतात, आणि खरी परीक्षा उंदरात, तिथे ट्यूमर रोखण्यात त्या कमी पडल्या. स्क्वीझ केलेल्या पेशींचं प्रोफाइल मात्र न छेडलेल्या पेशींच्या जवळ राहिलं. माझ्या मते त्या पेपरचा गाभा हाच आहे. आपण वर्षानुवर्षं व्हायेबिलिटी (जिवंत पेशी) किती टक्के एवढंच विचारत आलो, पेशी कामाची राहिली का हे विचारलंच नाही. टी सेल ही औषध म्हणून द्यायची आहे ना, मग ती नुसती जिवंत असून काय उपयोग?

खारघरकर

वरचा प्रतिसाद छान, वाचनखूण साठवली. मी सेल थेरपीच्या प्रोसेस साइडला आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो.

नीलपेशी, इलेक्ट्रोपोरेशन वाईट असं स्लाइडवर लिहू नकोस, कोणीतरी उठून उभं राहील. सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठीची पहिली क्रिस्पर (जीन कापून बदलण्याचं तंत्र) थेरपी, कॅसजेव्ही, २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाली, तिच्यात स्टेम सेल्समध्ये एडिटिंगचं सामान इलेक्ट्रोपोरेशननंच घालतात. शिवाय तुझ्या पेपरच्या लेखकांमध्ये स्क्वीझवाल्या कंपनीची माणसं आहेत, ते पेपरमध्येच जाहीर केलेलं असतं ते वाच. निष्कर्ष खोटे आहेत असं मी म्हणत नाहीये, मला ते पटतात, पण पल्स, बफर, पेशींचा प्रकार बदलला की इलेक्ट्रोपोरेशनचे रिझल्टही खूप बदलतात हे तू स्वतःहून सांगितलंस तर चांगलं दिसेल.

आणि पेपरमध्ये न दिसणारा त्रास म्हणजे चिप तुंबणं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कळतं, पेशी एकामागून एक येतात, फटीपाशी लांबट होतात, पलीकडे जाऊन पुन्हा गोल होतात, सगळं इतकं झटकन की साध्या कॅमेऱ्यात नुसती रेघ दिसते. आणि मग एखादा गुठळा येतो, दोन-तीन पेशी चिकटलेल्या किंवा मेलेल्या पेशीतून निघालेला डीएनएचा चिकट धागा, तो तोंडाशी अडकतो आणि ती वाट बंद. आत्ता एक, मग शेजारची, की उरलेल्या वाटांमधला फ्लो बदलतो आणि तुझं सगळं गणित हलतं. म्हणून आधी सस्पेन्शन गाळून घ्यायचं, गुठळ्या राहू द्यायच्या नाहीत, मेलेल्या पेशी कमीत कमी ठेवायच्या. अ‍ॅक्टिव्हेट केलेली टी सेल फुगून दहा-बारा मायक्रॉनपर्यंत जाते, रेस्टिंग सेल सात-आठची, म्हणजे एकच चिप दोन्हीला चालणार नाही हे पण लक्षात घे.

एक मोठा फायदा मात्र वर राहिला. लेंटीव्हायरस (कार-टीत जीन पोहोचवणारा व्हायरस) झोपलेल्या, म्हणजे रेस्टिंग टी सेलमध्ये नीट शिरत नाही, आधी तिला अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं. स्क्वीझिंगला तशी अट नाही, रेस्टिंग सेललाही भोक पडतंच.

साधा वाचक

विज्ञानातलं फार कळत नाही पण धागा पूर्ण वाचला. माझ्या मेव्हण्याला लिम्फोमा आहे, एकदा बरा होऊन परत आलाय. डॉक्टर कार-टी म्हणाले होते. ही चिपवाली पद्धत आपल्याकडे मिळते का? त्यानं खर्च कमी होतो का?

खारघरकर

दादा, तुमच्या मेव्हण्यांना लवकर आराम पडो. सरळ सांगतो, चिपवाली पद्धत आज रुग्णांसाठी आपल्याकडे नाही, तिची वाट बघू नका. पण कार-टी आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली नेक्सकार१९, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये सीडीएससीओची (केंद्राच्या औषध नियामकाची) मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला लोकार्पण झालं. ती बी-सेलच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, उपचारानंतर परत आलेल्या किंवा दाद न देणाऱ्या, आणि तिच्यात लेंटीव्हायरसनंच जीन घालतात. परदेशी कार-टीपेक्षा खर्च खूपच कमी आहे, तरी तो लाखांत आहे. लिम्फोमा बी-सेलचाच आहे ना, पेशींवर सीडी१९ (नेक्सकार१९ ज्यावर नेम धरते ते प्रथिन) आहे ना, हे बायोप्सीच्या रिपोर्टवरून तुमचे हिमॅटॉलॉजिस्टच सांगतील, रिपोर्ट घेऊन जा आणि आर्थिक मदतीच्या योजनांचं मेडिकल सोशल वर्करला आवर्जून विचारा. यात वेळ घालवू नका.

साधा वाचक

मनापासून आभार. सोमवारीच जातो.

चार्ल्सकाठचा

साधा वाचक, शुभेच्छा. काय होतं ते इथे जरूर कळवा.

नीलपेशी, तिसरा प्रश्न राहिलाय. कार-टीला रिसेप्टरचा (म्हणजे कारचा, कॅन्सर ओळखणाऱ्या प्रथिनाचा) जीन कायमचा पेशीच्या जिनोममध्ये बसावा लागतो, म्हणजे पेशी वाढली तरी तो तिच्या पिल्लांमध्ये जाईल. स्क्वीझ करून कारचा एमआरएनए (जीनची तात्पुरती नक्कल) घातलास तर कार दिसेल, पण काही दिवसच, कारण एमआरएनए तुटत जातो आणि पेशी विभागताना विरळ होतो. कायमसाठी कॅस९ (डीएनए कापणारं प्रथिन) आणि गाईड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा) यांची तयार जोडगोळी आत घालायची, कट करायचा, आणि नवा जीन टेम्पलेट (तिथे बसवायचा डीएनएचा नमुना) म्हणून द्यायचा. जोडगोळी स्क्वीझनं उत्तम जाते, तुझ्या पेपरमध्ये त्यांनी असंच पीडी-१ (टी सेलला ब्रेक लावणारा जीन) काढलंय. अडतं ते टेम्पलेटपाशी.

नीलपेशी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप थँक्यू! टेम्पलेटपाशी का अडतं? प्लाझमिड (टेम्पलेट असलेला डीएनएचा गोल तुकडा) पण बफरमध्ये टाकलं तर डिफ्यूज होऊन आत जाणारच ना?

रक्तबिंदू

याचं मी देते. प्लाझमिड मोठा असतो, सायटोप्लाझममध्ये तो जेमतेम हलतो, आणि त्याला पोहोचायचं असतं न्यूक्लियसमध्ये, म्हणजे अजून एक भिंत. प्रथिनं, पेप्टाइड, एसआयआरएनए (जीन बंद करणारा छोटा आरएनए), एमआरएनए यांचं काम सायटोप्लाझममध्येच होतं किंवा कॅस९ सारखं असेल तर त्याला न्यूक्लियसचा पत्ता जोडलेला असतो. डीएनएचं तसं नाही. म्हणून त्याच एमआयटीच्या ग्रुपनं २०१७ मध्ये नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये दोन्ही जोडून दाखवलं, आधी फटीतून काढून पटल उघडायचं आणि लगेच पुढे इलेक्ट्रिक फील्ड द्यायचं, म्हणजे डीएनए ढकलला जाऊन न्यूक्लियसपर्यंत जातो. तर स्क्वीझ विरुद्ध इलेक्ट्रो अशी कुस्ती लावायची गरज नाही.

मला स्वतःला कार-टीपेक्षा या टेक्निकचा दुसराच उपयोग जास्त भावतो, आणि तो कोणी लिहिला नाही म्हणून लिहितेय. बाहेरून पेशीनं गिळलेलं प्रथिन साधारणपणे एमएचसी (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे दाखवणारी प्रथिनं) क्लास २ वर जातं, ते सीडी४ (मदतनीस टी सेल्स) ला दिसतं. कॅन्सर मारायला हव्या सीडी८ (मारेकरी टी सेल्स), आणि त्यांना दिसायला प्रथिन सायटोप्लाझममध्ये असावं लागतं, तिथे प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतं आणि ते क्लास १ वर चढतात. डेंड्रिटिक सेल्सना बाहेरून घेतलेलं पण क्लास १ वर चढवता येतं, पण त्या रक्तात मूठभरच. बी सेल भरपूर, पण तिला ते नीट जमत नाही. मग अँटिजेन (टी सेलनं ओळखायचं प्रथिन) सरळ तिच्या सायटोप्लाझममध्येच टाकलं तर? २०१५ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये हेच केलंय, उंदराच्या बी सेल्स ओव्हाल्ब्युमिन (अंड्यातलं प्रथिन) असलेल्या बफरमध्ये स्क्वीझ केल्या आणि त्यांनी सीडी८ पेशी जाग्या केल्या. मला तर हे फार सुंदर वाटतं, एवढी गुंतागुंतीची प्रक्रिया आणि अडचण सुटली ती नुसतं योग्य खोलीत सामान ठेवून.

पुढे एसक्यूझेड बायोटेक्नॉलॉजीजनं, म्हणजे शराईंनीच २०१३ मध्ये काढलेली मॅसॅच्युसेट्सची कंपनी, हे माणसांत नेलं. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, एचपीव्ही१६ या व्हायरसच्या ई६ आणि ई७ या प्रथिनांचे तुकडे स्क्वीझनं भरायचे आणि परत द्यायच्या. पेशी वाढवायच्या नसल्यामुळे बनवायचं काम २४ तासांच्या आत उरकायचं, कार-टीला आठवडे जातात. एचपीव्ही१६ मुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, आणि तो आपल्याकडे बायकांमध्ये किती आहे हे सांगायला नको, त्यामुळे मी या ट्रायलकडे डोळे लावून बसले होते.

नीलपेशी

मग झालं काय ट्रायलचं? आमच्या मॅडम पण विचारतील.

रक्तबिंदू

२०२० मध्ये सुरू झाली. पेशी रुग्णांना सोसल्या, पण ट्यूमर ठळकपणे आक्रसलेले रुग्ण फार थोडे. रोश २०१५ पासून भागीदार होती, तिनं २०२२ च्या शेवटी हा प्रोग्रॅम पुढे घ्यायचा पर्याय वापरला नाही, मग कंपनीनं निम्म्याहून जास्त लोक कमी केले, शराई बाहेर पडले, आणि २०२४ मध्ये तंत्रज्ञान स्टेमसेल टेक्नॉलॉजीज या कॅनडाच्या कंपनीकडे गेलं. ते आता सेलपोर नावानं रिसर्च लॅब्सना विकतात. शराईंची पोर्टल नावाची नवी कंपनी आहे, तीही मेकॅनिकल डिलिव्हरीचीच.

मला वाटतं पेशीत सामान घालणं हा भाग यशस्वी झाला. अँटिजेन भरलेली पेशी परत दिली की माणसाच्या वाढलेल्या ट्यूमरवर पुरेसा हल्ला होतो का, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे, ट्यूमरभोवतीचं वातावरणच टी सेलला दाबून टाकतं. हे दोन प्रश्न वेगळे ठेवून मांडलेस तर तुझं प्रेझेंटेशन उठून दिसेल. कंपनी बंद म्हणजे टेक्निक फेल, असं म्हणणारे भेटतात, ते मला अजिबात पटत नाही.

खारघरकर

+१. एक शेवटचं, कंट्रोलबद्दल कोणी विचारलं तर. कार्गो घातलेल्याच बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवलेल्या पण चिपमधून न काढलेल्या पेशी हा इथला सगळ्यात महत्त्वाचा कंट्रोल, कारण पेशी एरवीही एंडोसायटोसिसनं बाहेरचं थोडं गिळतेच आणि फ्लोरेसन्ट डेक्स्ट्रान (चमकणारी साखरेची साखळी) वापरलं तर तेवढ्यानंही सिग्नल येतो. आणि चिपमधून काढलेल्या पण कार्गो न दिलेल्या पेशी हा दुसरा, नुसत्या चेपण्याचा परिणाम किती ते त्यातून कळतं. हे दोन ज्या ग्राफमध्ये आहेत तो ग्राफ आधी दाखव, बाकीचे नंतर.

नीलपेशी

दोन्ही आहेत पेपरमध्ये, आत्ता परत उघडून बघितलं. स्लाइड्सचा क्रम बदलतेय.