व्हेरिएबल फाँटमध्ये 'रद'चं कर्निंग (अक्षरजोडीतल्या अंतराची दुरुस्ती) फक्त लाइटला गायब, मदत हवी आहे

देवनागरी व्हेरिएबल फाँट (एकाच फाइलमध्ये सगळी वजनं), ग्लिफ्स 3 या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकच अक्ष, वजन 300 ते 700. मास्टर (मूळ रेखाटनं, मधली वजनं त्यांवरून निघतात) दोनच, लाइट आणि बोल्ड. युपीएम (अक्षराच्या चौकटीची एककं) 1000, एव्हार टेबल (अक्षावरची चाल बदलणारं) नाही.

अडचण अशी: लाइटमध्ये 'र' आणि 'द' या जोडीला ग्रुपमधून (सारख्या कडांच्या अक्षरांना मिळून एकच किंमत) −40 मिळतात. बोल्डमध्ये तिथे कुलूप उघडून अपवाद (या जोडीपुरती वेगळी किंमत) केलाय, −60. स्टॅटिक (एकाच वजनाचा) लाइट काढला की −40 बरोबर येतात. व्हेरिएबल काढला की 300 ला 0, 500 ला −30, 700 ला −60. म्हणजे लाइटमध्ये अपवाद नाही म्हणून तिथे शून्य धरलं जातंय, ग्रुपची किंमत बघितलीच जात नाही, असा माझा अंदाज. लाइटला मग शिरोरेषा जुळलेली, पण 'र'च्या पोटात भोक दिसतं.

ब्राउझरचा दोष नाही. एचबी-शेप या अक्षरजुळणी तपासायच्या टूलमध्येही हेच आकडे. दोन्ही मास्टरमध्ये ग्रुपची नावं तीच आहेत. टीटीएक्स (फाँटचा मजकुरी उतारा) काढून पाहिलं, जोडी 'डिस्ट' या नेहमी चालू राहणाऱ्या अंतराच्या फीचरमध्येच आहे, त्यामुळे 'कर्न' चालू-बंद करा असं कृपया सुचवू नका. लाइटमध्ये हाताने −40 चा अपवाद टाकला की ही जोडी सुधारते, पण असे अपवाद शेकड्यांनी आहेत. तिसरा मास्टर घालता येणार नाही.

एका मास्टरमध्ये अपवाद आणि दुसऱ्यात नुसता ग्रुप, अशा सगळ्या जोड्या शोधून तिथे ग्रुपचीच किंमत अपवाद म्हणून भरणारी स्क्रिप्ट कोणाकडे आहे का? की एक्सपोर्टच्या वेळीच हे करून घेणारं एखादं कस्टम पॅरामीटर (ग्लिफ्समधली जादा सेटिंग) आहे?